खान्देशच्या बायकांची नावे दप्तरात आहेत, वाचायची राहिली आहेत

प्रति,
मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

9 सप्टेंबर जवळ आला की आपल्या दैनिकात नंदुरबारच्या बालहुतात्म्यांवर लेख येतो, आणि तो यायलाच हवा. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा ही पाच नावे खान्देशातल्या शाळकरी मुलांना तोंडपाठ असतात. 1942 सालच्या त्या दिवसाची हकीकतही पाठ असते. पोलिसाने मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली, शिरीषकुमार पुढे झाला आणि मारायचे तर मला मार म्हणाला.

आमचा प्रश्न त्या मुलींबद्दल आहे. बंदुकीसमोर त्याही उभ्या होत्या. हकीकत सांगताना मात्र त्या नुसत्या 'मुली' राहतात. कोणाच्या, कोणत्या गल्लीतल्या, कितवीत शिकणाऱ्या, पुढे कुठे दिल्या गेल्या, यातले काही त्या हकिकतीत येत नाही. तेव्हा बारा ते सोळा वर्षांच्या असतील असे धरले, तर त्यांचा जन्म 1926 ते 1930 च्या दरम्यानचा. म्हणजे आज त्यांच्यापैकी कोणी हयात असेल तर ती शंभरीला टेकलेली आहे. माणसाकडून कळायचे दिवस सरत आले, आता कागदाकडून कळून घ्यावे लागेल. आणि कागद आहेत. जुनी दप्तरे वाचणाऱ्या आम्ही काही जणांनी हे पत्र त्याचसाठी लिहायला घेतले आहे.

'इतिहासाने स्त्रियांची दखल घेतली नाही' हे वाक्य दर 8 मार्चला छापून येते. वाक्य खरे आहे, पण त्यात नेमके काय घडले ते येत नाही. दखल कोण घेतो? लिहिणारा घेतो. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजी शेजारी बसून शब्द न् शब्द टिपत होते, म्हणून ती आज घरोघर आहेत. त्याच काळात जळगावात बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात, चुलीपुढे गाणी रचत होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि शेजारी कायम लेखणी घेऊन बसलेले कोणी नव्हते. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी जेवढी उतरवून घेतली तेवढी राहिली. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली गाणी छापून आली. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. मधली साखळी किती बारीक होती ते पाहा: एक मुलगा, एक वही, एक ओळखीचा संपादक. यातला एक दुवा निसटला असता तर आसोद्यात जन्मलेली ही बाई गावातल्या दप्तरातही 'कोम नथुजी', म्हणजे नथुजीची बायको, एवढीच उरली असती.

शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे असेच झाले. 1882 साली त्यांनी स्त्री आणि पुरुष यांची तुलना करणारा निबंध लिहून छापला. प्रती पाचशे निघाल्या. जोतीराव फुल्यांनी त्याची बाजू घेतली. त्यानंतर 1975 साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा छापेपर्यंत, म्हणजे 93 वर्षे, बाईंचे नाव कोणाच्या तोंडी नव्हते. ज्यांना लिहिता येत होते त्यांची ही गत, मग अंगठा उठवणाऱ्यांची काय असेल? साहित्य संमेलनाचेच घ्या. 1878 पासूनच्या परंपरेत पहिल्या महिला अध्यक्षा, कुसुमावती देशपांडे, 1961 साली ग्वाल्हेरला झाल्या. त्यांच्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि 2025 ला तारा भवाळकर. 98 संमेलनांत सहा. आपल्या अमळनेरने 1952 आणि 2024 अशी दोन संमेलने भरवली, दोन्ही वेळा अध्यक्ष पुरुषच होते.

नाव गळते कसे, ते दाखवणारे सर्वांत ठसठशीत उदाहरण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे आहे. 1951-52 च्या मतदार याद्या तयार होताना देशभरात लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असे लिहिले गेले. निवडणूक आयोगाने अशा नोंदी नाकारल्या आणि सुमारे 28 लाख बायका यादीबाहेर राहिल्या. हे जास्त करून उत्तरेकडच्या राज्यांत घडले, तरी सवय आपल्याकडचीही तीच. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून आपल्याकडे उखाणा आला, पण तिचे नाव घ्यायला कोणी उखाणासुद्धा केला नाही.

आता कागदांकडे येऊ. गावपातळीवर चार कागद असे आहेत की ज्यांत बाईचे नाव सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. चारही कागद तुमच्याआमच्या गावात, तालुक्यात आहेत, त्यासाठी मुंबई-पुण्याला जावे लागत नाही.

पहिला कागद शाळेचे जनरल रजिस्टर. मुलीचे माहेरचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, कोणत्या इयत्तेत दाखल झाली आणि कधी, का सोडली, हे सगळे एका आडव्या ओळीत मिळते. हजेरीपट काही वर्षांनी नष्ट करतात, पण जनरल रजिस्टर कायमचे जपायचे असते. 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना आवर्जून वाचावा. मुलांच्या नावापुढे 'परगावी गेला', 'पुढील शिक्षणासाठी' असे असते. मुलींच्या नावापुढे 'लग्न', 'घरकाम', 'गैरहजर सबब नाव कमी'. एखाद्या गावातल्या वीस वर्षांच्या नोंदी सलग वाचल्या की गावाने मुलींना कितवीपर्यंत शिकू दिले ते भाषण न करता कळते. नंदुरबारच्या मुलींचा शोधही इथूनच सुरू व्हायला हवा. 1942-43 या वर्षी तिथल्या शाळांच्या पटावर असलेल्या मुलींची यादी काढायची आणि एकेक घर गाठायचे. यादीत नाव आले म्हणजे ती मिरवणुकीत होती असे मात्र होत नाही. यादीने फक्त कोणाच्या दारात जाऊन विचारायचे ते कळते.

दुसरा कागद कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंदवही. 2023 पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी ही पुस्तके तालुक्यातालुक्यांत उघडली गेली, मोडी जाणकार बसवले गेले, पानेच्या पाने स्कॅन झाली. पण शोध जातीच्या रकान्याचा होता, त्यामुळे डोळा तिथेच थांबला. त्याच पानावर बाळंतपणात गेलेल्या बायका आहेत, मृत्यूचे कारण आहे, वय आहे. पाने उघडलीच आहेत तर दुसरा रकानाही वाचून घ्यावा. जन्माच्या नोंदीत एक अडचण येते. नोंद बारशाच्या आधी होत असे, म्हणून बाळाचे नाव नसते, 'अमुक यास मुलगी झाली' एवढेच असते, आणि पुष्कळदा आईही नसते. अशी नोंद एकटी निरुपयोगी वाटते. शाळेच्या रजिस्टरातल्या जन्मतारखेशी ती जुळवली की मुलीला नाव मिळते. रजिस्टरातली जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली असू शकते, 1 जूनच्या तारखांकडे तर संशयानेच पाहावे. म्हणून तारीख नेमकी जुळण्याचा आग्रह न धरता बापाचे नाव आणि वर्ष जुळते का ते आधी पाहावे.

तिसरा कागद फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण शोध इथेच अडतो आणि इथेच सुटतो. जमिनीच्या जुन्या कागदांत नाते सांगणारे शब्द ठरलेले आहेत. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. 'गं. भा.' म्हणजे विधवा. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, नवरा गेल्यावर लहान मुलांच्या वतीने जमीन सांभाळणारी आई पुष्कळदा या तीन अक्षरांच्या मागे उभी असते. मुले सज्ञान झाली की 'अ. पा. क. कमी केले' असा फेरफार होतो आणि पंधरा-वीस वर्षे नांगर, कर्ज, सारा, कोर्टकचेरी एकटीने निभावणारी बाई सातबाऱ्यावरून उतरते. कोणत्या वर्षी नाव चढले आणि कोणत्या वर्षी उतरले, हे दोन फेरफार क्रमांक शेजारी ठेवा, तिच्या कारभाराची वर्षे मोजता येतात. गावाच्या इतिहासात 'प्रगतिशील शेतकरी' म्हणून ज्यांचे फोटो लागतात, त्यांच्यापैकी काहींची शेती त्यांच्या आईने उभी केली होती हे अशा जोड्यांतून बाहेर येते. 'ए. कु. मॅ.' दिसले तर सावध व्हावे. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागले आहे आणि आई, बहिणी, धाकटे भाऊ कागदाबाहेर आहेत, असा त्याचा अर्थ.

मोडीत आणखी एक गोची आहे. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ मारून घेत आणि अक्षरे तिला टांगत जात, शब्द तोडत नसत. त्यामुळे यमुना, कोम आणि रामा हे तीन शब्द एका दमात, सलग लिहिलेले असतात. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद नसतो. घाईत वाचणारा 'कोम'च्या आधीचे नाव सोडून 'रामा' तेवढा उचलतो, कारण त्याला खातेदार पुरुषच असणार असे वाटत असते. लिप्यंतर करून घेताना जाणकाराला सांगावे की नाव सुटसुटीत करून देऊ नका, ओळ जशी आहे तशी उतरवा, न लागलेले अक्षर असेल तिथे फुली करा. पुढे दुसरा कोणी ती फुली सोडवू शकतो. सुटसुटीत केलेले चुकीचे नाव मात्र कायमचे चुकीचे राहते.

माहेरची मुलगी आणि सासरची बाई एकच आहे हे ठरवणे सर्वांत कठीण. लग्नानंतर गाव बदलते, आडनाव बदलते, बापाच्या जागी नवरा येतो आणि पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही बदलतात. शाळेत जी द्वारका होती ती सासरच्या रेशनकार्डावर सिंधू असते. या दोघींना जोडणारा खात्रीचा कागद म्हणजे तिच्या बापाच्या मृत्यूनंतर झालेला वारस फेरफार, आणि त्याच्या आधीची वारस नोंदवही, गाव नमुना 6 क. त्यात मुलींची नावे नवऱ्याच्या नावासह, सासरच्या गावासह आणि नशीब असेल तर 'उर्फ' लावून येतात. 17 जून 1956 ला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होण्यापूर्वी मुलगे असताना मुलींना सहसा वारसांत धरत नसत, त्यामुळे त्याआधीच्या फेरफारात ही कडी मिळण्याची आशा कमी. 1956 नंतर मिळते, आणि एका कागदात हमखास मिळते. तो म्हणजे हक्कसोड, बहिणीने माहेरच्या जमिनीतला वाटा सोडल्याचा लेख.

हक्कसोडीच्या लेखात बहिणीचे पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार कुठली, हे सगळे असते, कारण ते नसेल तर लेखच टिकत नाही. खाली सही किंवा डाव्या हाताचा अंगठा. जिच्या नावाचा कागद माहेरी उभ्या जन्मात झाला नाही, तिचा पहिला आणि अखेरचा कागद हा. तोही वाटा सोडून दिल्याचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीला झोका, गौराई, पुरणपोळी आणि निघताना हा अंगठा, हे खान्देशात कोणाला नवे नाही. धंद्याच्या जागी 'घरकाम' लिहिलेले असते, आणि शेजारच्या अंगठ्याच्या रेषा विळा-खुरप्याने इतक्या झिजलेल्या असतात की शाईचा नुसता ठिपका उमटतो. कागदावरचा शब्द आणि अंगठा यांतले खरे कोणते, ते अशा ठिकाणी वाचणाऱ्याने ओळखावे.

चौथा कागद ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या ठरावांची वही. राज्यात महिलांसाठी जागा राखीव होऊ लागल्या 1990 च्या दशकात आणि 2011 पासून निम्म्या झाल्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आजी-माजी सरपंचांचा फलक असतो. तो रंगवणाऱ्याने 'सौ.' लावून नवऱ्याचे नाव मोठे आणि तिचे बारीक केले असेल, तर प्रोसिडिंग उघडावे. सभेच्या अध्यक्षस्थानी कोण, सूचक कोण, अनुमोदक कोण, खाली सही कोणाची, हे प्रत्येक ठरावाला लिहिलेले आहे. हातपंप, अंगणवाडीची खोली, दारू दुकान बंदीची ग्रामसभा, स्मशानाचा रस्ता, हे ठराव कोणी मांडले ते वाचावे. नवरा कारभार पाहत होता असे सरसकट म्हणणाऱ्यांनी सह्यांची पाने एकदा सलग चाळावीत. पहिल्या वर्षी अंगठा आणि तिसऱ्या वर्षी वळणदार सही असेल, तर त्या बाईने मधल्या काळात काय केले ते वेगळे सांगावे लागत नाही.

हे कागद पाहायला मिळतात का? मिळतात. जिल्हा आणि त्याखालच्या सरकारी कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहू देण्याची सोय 2018 च्या शासन निर्णयाने केलेली आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, झेरॉक्सला पानी 2 रुपये लागतात, उत्तराची मुदत 30 दिवस आहे. अर्ज फसतो तो मोघमपणामुळे. 'गावातील महिलांविषयी सर्व माहिती द्यावी' असे लिहिले की अर्ज परत येतो. गावाचे नाव, नमुना क्रमांक, सालापासून सालापर्यंत, एवढे लिहावे. जिल्ह्याचे नाव त्या काळचे लिहावे, ही चूक फार होते. 1906 पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता आणि मुख्य ठाणे धुळे. नंतर पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम खान्देश म्हणजे धुळे, आणि त्यातून नंदुरबार वेगळा निघाला 1 जुलै 1998 ला. शहाद्याचा किंवा तळोद्याचा 1940 चा कागद शोधताना शिक्क्यावर पश्चिम खान्देश असणार आणि काही दप्तर धुळ्यालाच राहिलेले असू शकते. सातबारा येण्यापूर्वीची पाहणीपत्रके आणि क-ड-ई पत्रके तहसीलच्या अभिलेख कक्षात मागावीत. त्याहून जुन्या कागदांसाठी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आहे, 1927 पासूनचे.

पाने हाताळताना हात कोरडे असावेत. थुंकी लावून पान उलटू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडतो आणि अक्षरही घेऊन निघतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, उष्णतेने कागद कडक होतो आणि नंतर प्लॅस्टिक काढता येत नाही. मोबाइलने फोटो घ्यायचा तर फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात, आधी मुखपृष्ठ, मग पान क्रमांक दिसेल असे अख्खे पान, आणि त्यानंतर हवी ती ओळ जवळून. नुसत्या ओळीचा फोटो वर्षाने कोणत्या पुस्तकातला ते कोणालाही सांगता येत नाही. हयात व्यक्तीची नोंद असेल तर तिला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये.

स्वातंत्र्यलढ्याच्या बाबतीत कागदांचीही मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. 1972 साली केंद्राची निवृत्तिवेतन योजना आली. तिच्यात तुरुंगवास सहा महिन्यांचा लागे, बायकांसाठी तो पुढे 1980 पासून तीन महिन्यांचा झाला. भूमिगत असाल तर वॉरंट, बक्षीस, फरारी जाहीर केल्याचा कागद लागे. डांगरीच्या लीलाताई पाटील पती उत्तमरावांबरोबर 1942 च्या लढ्यात उतरल्या, त्यांचे नाव राहिले. पण भूमिगतांना कणगीआड लपवणाऱ्या, डोक्यावरच्या पाटीत भाकऱ्यांखाली चिठ्ठ्या नेणाऱ्या, पोलीस दारात आले की 'घरी कोणी नाही' म्हणून उंबऱ्यात उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी त्या अर्जात रकानाच नव्हता. घरात ठेवून घेणे हे काम योजनेच्या लेखी काम नव्हते. भूमिगतांनी 14 एप्रिल 1944 ला केलेली चिमठाण्याची सरकारी खजिन्याची लूट सांगताना पुरुषांची नावे पटापट येतात. त्याआधी आणि त्यानंतर ही माणसे कोणाच्या घरी जेवली, हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही. शिंदखेडा, अमळनेर, साक्री या तालुक्यांतल्या घरांत हे आजही विचारता येईल, कारण आजीने सांगितलेले ऐकलेली नातवंडे साठ-सत्तरीत आहेत. मात्र अशा ऐकीव माहितीला दुसऱ्या घरातून दुजोरा मिळेपर्यंत 'सांगितले जाते' एवढेच लिहावे. फुगवून लिहिलेली एक गोष्ट खोटी निघाली की दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो, आणि बायकांच्या बाबतीत तर लोक त्याचीच वाट पाहत असतात.

ज्या बायका कागदावर नाहीत त्या गाण्यात आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हिन यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणारणीच्या नावानिशी आणि गावानिशी. अहिराणीतली आखाजीची, कानबाईची, दळणाची गाणी आपल्याकडेही याच शिस्तीने नोंदायला हवीत. आजीला खुर्चीवर बसवून 'म्हणा' म्हटले तर दोन ओव्यांनंतर तिला आठवत नाही. जात्याच्या खुंट्याला हात लागला आणि पायलीभर दाणे समोर असले की लय येते आणि लयीबरोबर शब्द येतात. सोबतीला दुसरी दळणारी असावी, एकीचे विसरलेले दुसरी उचलते. उतरवून घेताना घरातली शिकलेली सून किंवा नातू शब्द 'सुधारून' सांगतो, अहिराणीची प्रमाण मराठी करून टाकतो. ते होऊ देऊ नये. ओवीत भाऊ, माहेर, सासुरवास येतोच, पण दुष्काळ, सावकार, रेल्वेचे काम, गिरणीचा भोंगाही येतो, आणि तोच खरा इतिहासाचा ऐवज. गाणारणीचे नाव लिहिताना तिचे माहेर आणि सासर दोन्ही लिहावे, कारण ओवी तिने कोणत्या गावाहून आणली ते त्याशिवाय कळत नाही.

उद्याचे दप्तर आजच लिहिले जात आहे, म्हणून त्याबद्दलही. 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्याने आईचे नाव बापाच्या आधी आणले. आता कोणी 'मुलगी झाली' एवढ्यावर भागवू शकणार नाही, निदान आई तरी कागदावर राहील. जमिनीचे मात्र अजून अडलेले आहे. चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करण्याची चळवळ उभी केली आणि 1992 पासून शासनाची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने हयातीत अर्ज दिला की बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्याला लागते. अर्जासोबत सातबारा, 8 अ म्हणजे खातेउतारा, आणि दोघांची ओळखपत्रे जोडावीत. आदेश झाला की फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. जमीन वडिलोपार्जित सामाईक असेल तर भाऊबंद हरकत घेतात आणि काम तिथे अडते, म्हणून आधी वाटणी करून घ्यावी. नोंद प्रमाणित झाल्याशिवाय घरी येऊन पेढे वाटू नयेत. प्रलंबित फेरफार वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात.

मुलींच्या वाट्याचा कायदा बदलला तो 2005 साली. महाराष्ट्राने 1994 मध्ये दिलेला हक्क 22 जूनपूर्वी लग्न झालेल्या मुलींना नव्हता. केंद्राच्या दुरुस्तीने तो सगळ्या मुलींना जन्मतः दिला, आणि बाप तेव्हा हयात नसला तरी हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या रीतसर वाटण्या मात्र उघडता येत नाहीत. तलाठ्यापुढच्या नुसत्या जबाबावर घेतलेली हक्कसोड टिकत नाही, नोंदणी केलेला लेख लागतो, हे बहिणींनी आणि भावांनीही लक्षात ठेवावे. ही दुरुस्ती अमलात आली ती तारीख 9 सप्टेंबर 2005. नंदुरबारच्या मुली बंदुकीसमोर उभ्या राहिल्या त्याला त्या दिवशी बरोबर 63 वर्षे झाली होती.

म्हणून आपल्याकडे एक विनंती आहे. 9 सप्टेंबरच्या पानावर पाच हुतात्म्यांच्या नावांशेजारी एक चौकट मोकळी सोडा आणि वाचकांना आवाहन करा की 1942 साली नंदुरबारात शाळेत जाणाऱ्या मुलींविषयी घरात काही माहिती, फोटो, दाखला असेल तर कळवा. आलेली माहिती तपासायला, रजिस्टरे वाचायला आणि मोडी लावून द्यायला आम्ही विनामोबदला बसू. नावे छापताना आधी तिचे स्वतःचे नाव, मग माहेर, मग सासर, मग कागद कोणता आणि पान कितवे, या क्रमाने छापावीत. नवऱ्याचे नाव त्याच्यानंतर आले तरी चालेल.

आपले नम्र,
जुनी दप्तरे वाचणारे काही वाचक
धुळे, जळगाव, नंदुरबार